बर्फातली पाच माणसं आणि लखमीचंदांचा चहा

चातुर्मास लागला की मंगरूळपीरच्या जैन मंदिरात मुनिमहाराजांसमोर प्रत्येक जण काही ना काही सोडतो. कुणी तूप सोडतं, कुणी चप्पल. कापडदुकानदार लखमीचंद या कामात मोठे पटाईत. गेल्या साली त्यांनी फणस सोडला होता, आणि फणस त्यांना त्याआधी वीस वर्षांत कुणी दिलेला नव्हता.

यंदा मात्र घरातून निघतानाच अंगुरीबाईंनी तंबी दिली. "औंदा चहा सोडा. फणस-बिणस सांगसान तं मी तिथंच उभी राहून सारं सांगून देईन."

लखमीचंद चहा पीत नसत, चहात राहत. पण माणूस व्यापारी. त्या दिवसांत ते सुनेनं, रुचानं, वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक वाचत होते. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात चार सोबत्यांसह अडकलेल्या कुण्या कप्तानाची, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली रोजनिशी. लखमीचंदांनी मनाशी ताडलं, ज्याअर्थी लिहून ठेवलंय, त्याअर्थी लिहिणारा घरी पोचलाय. उरलीत साठ पानं. चार दिवसांचा मामला.

ते हात जोडून उभे राहिले. "महाराज, पाच माणसं तिकडं ध्रुवावर बर्फात अडकून हायेत. ते सुखरूप घरी पोचेपर्यंत मले चहाचा त्याग."

मंदिर गहिवरलं. ध्रुवापर्यंत पोचलेली दया मंगरूळपीरनं पहिल्यांदाच पाहिली. महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात वाचन सुरू झालं. गावाबाहेर भाजीचा मळा असलेला चंपत रोज वांगी-मेथी विकून झाली की दुकानाच्या पायरीवर टेकायचा. तो ऐकायला बसला आणि गुंतला.

"तिथं सहा महिने दिवस बुडतच नाही," लखमीचंदांनी सांगितलं.

"मंग तुमचं बेस हाय शेटजी. दिवस बुडाच्या आत जेवाची घाईच नाही."

"आन सहा महिने उगवत नाही."

"मंग मेलेच तुमी!"

अडचण वेगळीच होती. त्या कप्तानाला पानागणिक चहा लागे. तंबू ठोकला, चहा. वादळ सुटलं, चहा. एकाची बोटं काळी पडली, तर ती पाहण्याआधी चहा. लखमीचंद आवंढे गिळत वाचत.

"शेटजी," चंपत म्हणाला, "त्याहिनं कुत्रे कापले की तुमी पान उलटवता, आन चहा आला की दोनदा वाचता."

"गुमान ऐक ना बे!"

तिसऱ्या दिवशी कप्तानाचं रॉकेल संपलं. चंपतनं त्या दिवशी भाकरी तशीच परत नेली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "घरवालीले, गिरजाले सांगलं, तं तिच्याही घशाखाली घास उतरला नाही."

चौथ्या दुपारी शेवटची पानं आली. लखमीचंदांनी डोळा जरा पुढं टाकला आणि त्यांचा आवाज बंद पडला. कप्तानाचं शेवटचं वाक्य अर्धंच होतं. खाली बारीक अक्षरात टीप होती. आठ महिन्यांनी शोधपथकाला तंबू सापडला. आत पाचही देह, आणि बिस्किटाच्या डब्यात ही वही.

घरी न पोचताही माणूस लिहू शकतो, हे लखमीचंदांना त्या क्षणी कळलं. आता ते पाच जण कधीच पोचणार नव्हते. म्हणजे चहाही.

"थांबले काहून?" चंपतनं खांद्यावरचा दुपट्टा मुठीत पिळला. "पोचले ना?"

लखमीचंदांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "पोचले."

"पाचही?"

"पाचही."

"कप्तानाची बायको काय म्हणे?"

"म्हणे… किती वाळले हो तुमी!"

चंपत उठला तो ओरडतच सुटला. "पोचले! शेटजीची मानसं घरी पोचली!" अर्ध्या तासात बाजारभर झालं. औषधवाल्याच्या घरून चहा आला. मग शिंपी उदयसिंगच्या घरून. "शेटजी, तुमच्या तपानंच वाचले ते!" म्हणत शेजारचा भागवत तर स्वतः केटली घेऊन आला. काउंटरवर सात कप ओळीनं लागले. आलं टाकलेले, वाफाळते.

लखमीचंदांनी एक उचलला. ओठांपर्यंत नेला. चंपतला मारलेली थाप चंपतपुरती होती, नियम मात्र महाराजांसमोरचा होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"गरम हाय. निवू द्या," ते लोकांना म्हणाले. लोक कौतुक करत पांगले.

अंगुरीबाई दुकानामागच्या घरातून आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि पहिला कप बशीत ओतला.

"तू काहून पेऊन राह्यली?"

"वाया कायले घालवाचा? तुमाले तं चालत नाही. ते कुठी पोचले?"

लखमीचंद गारठले. "तुले कोनं सांगलं?"

"पुस्तक घरी आलं त्याच दिवशी शेवटचं पान पाह्यलं मी. मानूस जगते का मरते, ते आधी कळलं म्हणजे जिवाले घोर नाही."

"मंग मंदिरात बोलली काहून नाही?"

अंगुरीबाईंनी दुसरा कप जवळ ओढला.

"इतक्या वर्सात पह्यल्यांदा तुमी काही खरोखर सोडून राह्यले होते," त्या फुंकर घालत म्हणाल्या. "मी कायले मधात बोलू?"