मधुभाऊंचा पाचवा भाग

"ड्रॅगन चालते का तुमाले?"

वर्ध्याजवळच्या सेलूला बदली होऊन मला चारच दिवस झाले होते आणि मी पडद्याचं कापड घ्यायला बाजारातल्या एका दुकानात शिरले होते. फिकट पिवळं, फार महाग नको, एवढंच मी सांगितलं होतं. गादीवर मांडी घालून बसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या गृहस्थांनी मीटरपट्टी बाजूला ठेवून मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नको, काहीतरी साधं दाखवा."

"साधं म्हणजे अवकाशातलं," ते म्हणाले, आणि चादरींच्या गठ्ठ्यामागे हात घालून एकेक पुस्तक काढायला लागले.

हे मधुभाऊ. त्यांचं कापडाचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाइकासमोर थानांवर थानं उलगडून टाकायची त्यांची जी पद्धत, तीच पुस्तकांची. "घेऊ नोका, पाहून तं घ्या! पाहाले काय लागते?" असं म्हणत दहा मिनिटांत त्यांनी माझ्यापुढे अकरा पुस्तकं पसरली. पडदे शेवटी त्यांच्या बायकोनं, शोभाकाकूंनी, कापून दिले. "यायच्या नादी लागसान मॅडम, तं पडदे राहूनच जाईन," त्या म्हणाल्या. दुकान खरं म्हणजे काकूच चालवतात. मधुभाऊ दुकानात बसतात, एवढंच.

मधुभाऊ दोनच प्रकारची पुस्तकं वाचतात. एक विज्ञानकथा आणि दुसरी ती जादूच्या राज्यांची, जी खरं तर शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी लिहिलेली असतात. साठी ओलांडलेल्या माणसानं हे वाचावं याचं गावात अनेकांना नवल वाटतं. मीही एकदा विचारलं. "कादंबरीत का असते मॅडम? सासू-सून, वावराच्या धुऱ्याचं भांडण, कोर्टाची तारीख. ते सगळं मले गादीवर बसल्या बसल्या ऐकाले भेटते. पुस्तकात तरी नवा माल पाहिजे का नाई?"

प्रत्येक पुस्तकाला ते कटपीसचं कव्हर शिवून घेतात. त्यामुळे नाव दिसत नाही, लेखकही दिसत नाही. सगळं गाव पुस्तकं कापडावरून ओळखतं. "भाऊ, ते लाल चौकड्याचं संपलं, आता लेंग्याच्या पट्ट्यावालं द्या," असं म्हणणारी माणसं मी या कानांनी ऐकली आहेत. पुस्तकाचा दर्जाही ते कापडाच्या भाषेतच सांगतात. एखादं "भरजरी आहे, पण रोज नाई वापरता येत." एखादं "टिकाऊ." आणि जे दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यासारखं वाटत नाही, ते "पहिल्याच धुण्यात रंग सोडते."

कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं, हे ते माणसाच्या अंगाचा अंदाज घ्यावा तसं नुसतं बघून ठरवतात. देवराव नावाचे एक शेतकरी पंचा घ्यायला आले आणि तीन सूर्यांच्या ग्रहाची गोष्ट घेऊन गेले. दोन महिने त्यांनी ते पुस्तक परत केलं नाही. मग एके दिवशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, तिथं रात्रच होत नाई म्हणते."

"नाई होत."

"म्हणजे रानडुक्कर वावरात कवा येईन?"

"नाईच येणार."

"मंग जागल कराचं कामच नाई!" देवराव तिथेच पायरीवर बसले. बावीस वर्षं रात्री शेताची राखण केलेला तो माणूस. "लेखक हुशार आहे बाप्पा," ते म्हणाले, आणि पुस्तक पुन्हा पिशवीत टाकून घेऊन गेले. मधुभाऊंनी मला हे सांगताना विजयी मुद्रेनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

मी विज्ञान शिकवते, हे कळल्यावर माझी सुटका राहिली नाही. भाजी घ्यायला निघाले तरी हाक यायची. "मॅडम, काळात मागं जाता येते का हो? जास्त नाई, पाच-सहा वर्षं." मी प्रकाशाचा वेग वगैरे सांगायला लागले की ते लक्ष देऊन ऐकत आणि शेवटी म्हणत, "म्हणजे सध्या नाई." तेव्हा मला त्यांचं हसू यायचं.

त्यांचा एक कडक नियम आहे. मालिकेचा पुढचा भाग हवा असेल तर आधी मागच्या भागाची तोंडी परीक्षा द्यायची. "मागचं सांगा, पुढचं घ्या." पुस्तक फुकट, चहा फुकट, पण परीक्षा चुकत नाही. तहसीलमधल्या एका बाबूंनी कापडी कव्हर सरकवून नुसता पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचून वेळ मारून न्यायचं ठरवलं. मधुभाऊंनी सहज विचारलं, "ते बुढी मेली तवा तुमाले काय वाटलं?"

"फार वाईट वाटलं भाऊ. डोळ्यांत पाणी आलं."

"बुढी मेलीच नाई," मधुभाऊ म्हणाले. "जा, वाचून या." बाबूंना रिकाम्या हातानं परत जावं लागलं.

मला त्यांनी पकडलं ते वारा बांधणाऱ्या मुलीच्या गोष्टीनं. एक डोंगराळ राज्य, तिथली एक मुलगी दोराला गाठ मारून वारा बांधून ठेवू शकते, तिचा बाप वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्यांचा मालक, आणि तिच्या खांद्यावर एक आंधळा गरुड. चाळिशीतल्या बाईनं यात गुंतावं असं काही नव्हतं, पण मी गुंतले. चारही भाग निळ्या चौकड्यांच्या कव्हरात होते. मी चार वेळा परीक्षा दिली आणि चारही वेळा पास झाले. चौथ्या भागाच्या शेवटी ती मुलगी बापाशी भांडून डोंगर उतरून जाते आणि गरुडही कुठे दिसत नाही. मी धावत दुकानात गेले.

"पाचवा द्या."

"माल आला नाई," मधुभाऊ म्हणाले.

पुढल्या आठवड्यात गेले, तेव्हाही माल आला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर ते म्हणाले, "कंपनीनं काढलाच नाई." पण मला त्यांच्या पाठीमागच्या फळीवर, उशांच्या खोळींमागे, निळ्या चौकड्यांची दोन पुस्तकं स्पष्ट दिसत होती. दोन! मला राग आला. सगळ्या गावाला पुस्तकं वाटणारा माणूस मलाच का नाही म्हणतो?

मग वर्ध्याला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं आणि तिथे मला पाचवा भाग मिळाला. दोन दिवसांत वाचून काढला. सोमवारी शाळा सुटल्यावर मी ऐटीत दुकानात गेले. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "मधुभाऊ, तुमचा माल नको आता मला. मी वाचला पाचवा भाग. काय शेवट केलाय! तो गरुड शेवटी—"

मधुभाऊंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि "शोभे! शोभे!" असं ओरडत ते मागे सरकले. मागे पॉपलिनची थानं रचलेली होती. ती सगळी त्यांच्यावर कोसळली. गिऱ्हाइकं खो-खो हसली, मीही हसले. कापडाच्या ढिगातून मधुभाऊंचं डोकं वर आलं, तरी बोटं कानांतच होती. तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि माझं हसू थांबलं. तो माणूस मनापासून घाबरला होता.

शोभाकाकू मला आत घेऊन गेल्या. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "त्यायनं नाई वाचलं ते पुस्तक. घेऊन दोन वर्षं झाली."

मग कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी, प्राची. ती आठवीत असताना पहिला भाग आला. बापलेकीनं तो दुकानात बसून वाचला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मधुभाऊ मोठ्यानं वाचायचे आणि प्राची ऐकायची. कव्हरं तिच्या शाळेच्या गणवेशाच्या कापडाची. चार भाग असे झाले. पाचवाही असाच वाचायचा ठरला होता. मग प्राचीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा चांगला, हिंगणघाटला शिक्षक, पण जातीतला नव्हता. मधुभाऊ भर दुकानात म्हणाले होते, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नको.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? चार वर्षं झाली. मी जाऊन येतो तिच्याकडे. हे नाई जात."

मधुभाऊ दारात येऊन उभे होते. खांद्यावर पॉपलिनचा एक तुकडा तसाच अडकला होता. "पोट्टीनं जल्मात माहं एक ऐकलं नाई मॅडम," ते म्हणाले. "जेव म्हटलं तं जेवली नाई, झोप म्हटलं तं झोपली नाई. हे एकच ऐकलं."

मला स्वतःची फार लाज वाटली.

त्या महिन्याअखेर आमच्या शाळेची मुलं हिंगणघाटला विज्ञान प्रदर्शनाला जाणार होती आणि मी त्यांच्याबरोबर. ही बातमी मधुभाऊंना कुणी सांगितली कोण जाणे. आदल्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. हातात ब्राऊन पेपरात बांधलेलं पुडकं. पत्ता काकूंच्या अक्षरात होता.

"एवढं टाकून देजा तिथं. माहं नाव सांगू नोका."

"मग काय सांगू?"

त्यांनी थोडा विचार केला. "दुकानाची स्कीम आहे म्हणा. जुन्या गिऱ्हाइकाईसाठी."

प्राचीनं दार उघडलं. तोंडवळा थेट मधुभाऊंचा, चष्मासुद्धा कपाळावर. मी स्कीम सांगितली. तिनं दोरी सोडली, निळ्या चौकड्या पाहिल्या आणि आधी हसली, मग रडली, मग मला आत बसवून पुन्हा हसली. "स्कीम! चार वर्षांत याच्यापेक्षा बरं कारण नाई सुचलं बाबाले?"

मी म्हटलं, "त्यांनी अजून वाचलेलं नाही. तुझ्यासाठी थांबलेत. कानात बोटं घालून हिंडताहेत."

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी तं वाचलं. निघालं त्याच आठवड्यात. दोन डाव."

एक माणूस दोन वर्षं वाट बघत बसलाय, आणि जिची वाट बघतोय तिचं सगळं वाचून झालंय. प्राचीनं पुस्तक मांडीवर ठेवलं, डोळे पुसले. "वाटे का बाबानं कवाच वाचलं असन. राग आला होता ना. म्हटलं, मी तरी कायले थांबू?" थोडा वेळ ती कव्हरावरून हात फिरवत राहिली. "त्याईले हे सांगू नोका. नाई वाचलं म्हणा. म्हणा, तुमीच वाचून दाखवा, ठरलं होतं तसं. उद्या दोन वाजता मी फोन लावतो."

आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या मी दुसऱ्या दिवशी गादीवर बसून मधुभाऊंना बिनदिक्कत खोटं सांगितलं. दोन वाजता फोन वाजला. मधुभाऊ फोनकडे बघत बसले. वाजून वाजून तो बंद पडणार, इतक्यात काकूंनी उचलला, स्पीकर लावला आणि त्यांच्यासमोर गादीवर ठेवला. कुणी कुणाला कशी आहेस, कसे आहात म्हटलं नाही. मधुभाऊंनी चष्मा नाकावर घेतला, उशांच्या खोळींमागून पुस्तक काढलं, घसा दोनदा खाकरला आणि वाचायला लागले. "प्रकरण पहिलं."

आता रोज दुपारी दोनला दुकानात वाचन चालतं. एक बाई चादर मागत होत्या, तर फोनमधूनच आवाज आला, "बाबा, त्या काकूले बसवा, प्रकरण संपू द्या." बाई बसल्या. देवरावही येऊन बसतात आणि डोंगरावर कापूस का पेरत नाहीत ते विचारतात. प्राची तिकडून प्रत्येक वळणावर "अरे बाप्पा! खरंच?" म्हणते. ती चकित झाल्याचं इतकं छान नाटक करते की मला माझीच मान खाली घालावीशी वाटते.

परवा मी गेले तेव्हा गोष्टीतल्या मुलीचा दोर तुटण्याचा प्रसंग चालू होता. एका पानाच्या शेवटी मधुभाऊ थांबले, फोनवर तळहात धरला आणि माझ्याकडे वाकले.

"मॅडम, पोट्टी वाचून बसली आहे."

मी चपापले. "तुम्हाला कसं कळलं?"

"जिथं डोळ्यांत पाणी यायचं, तिथं हे दोन ओळी आधीच नाक ओढते." हे सांगताना त्यांनी स्वतःही नाक ओढलं. "पहिल्याच दिवशी समजलं मले. तिले सांगू नोका मात्र. माह्यासाठी खोटं बोलून राह्यली ते."

त्यांच्या हाताखालून बारीक आवाज आला. "बाबा? थांबले काऊन? मंग काय झालं तिचं?"

मधुभाऊंनी हात काढला. "सांगतो ना माय," ते म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.