सगळेच मॅनेजर

"अभिनंदन! आजपासून तुम्ही मॅनेजर!" असं म्हणत मालकांनी हातात कागद ठेवला, तेव्हा कारकुनाने तो दोनदा वाचला. लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात दहा वर्षांत त्याला साधी नवी खुर्चीही मिळाली नव्हती.

मेख लगेच कळली. पगारदारांनाही जादा कामाचे पैसे द्यावेत, असा नियम येऊ घातला होता आणि टीव्हीवर त्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. सूट होती ती फक्त मॅनेजरांपुरती, तीही हाताखाली दोन माणसं असली तर. मालकांनी डोकं चालवलं. कारकून, डिझाइनवाल्या ताई आणि गोदामवाले काका, तिघांनाही त्यांनी मॅनेजर केलं आणि प्रत्येकाच्या हाताखाली उरलेले दोघे दिले.

"म्हणजे रोज थांबायचं, अन् तेही फुकट," काका म्हणाले.

कारकुनाचा चेहरा पडला. सहाला लेकीचं शाळेत नाटक होतं. मागची दोन त्याने कामापायी बुडवली होती, आता हेही बुडालं तर पोरगी बोलणंच टाकणार होती.

"आज साडेपाचला मला सोडणार कोण?"

"मी की! मी मॅनेजर आहे तुमची," ताई म्हणाल्या. "काकाही आहेत. द्या अर्ज."

काकांनी चष्मा चढवून झोकात सही ठोकली. मग त्यांना स्वतःचा दुखरा गुडघा आठवला. कारकुनाने मोठ्या मनाने त्यांनाही रजा दिली. ताईंना कुठेच जायचं नव्हतं, पण दोन-दोन मॅनेजर आग्रह करत असताना नाही तरी कसं म्हणायचं?

सव्वापाचला मालक धावत आले. "चार हजार लेबलं आजच बांधून जायला हवीत! हाताखालच्यांना सांगा!"

"ते रजेवर निघालेत, साहेब. मीही," कारकून म्हणाला.

"रजा दिली कुणी?"

"मॅनेजरांनी."

मालकांनी कारकुनाने पुढे केलेला बढतीचा कागद उलटसुलट करून पाहिला. खाली त्यांचीच सही होती.

सहा वाजता, शाळेच्या सभागृहात कारकुनाचा फोन थरथरला.

"अहो, एका गठ्ठ्यात शंभर घालायची की दोनशे?" मालक रडकुंडीला आले होते.

"शंभर."

"या ना जरा! जादा कामाचे पैसे देतो. दुप्पट देतो!"

"नको, साहेब. मॅनेजरला ते घेता येत नाहीत."

त्याने घाईने फोन बंद केला, कारण स्टेजवरच्या तिसऱ्या झाडाने बाबांना पाहिलं होतं आणि वारा नसताना ते दोन्ही फांद्या जोरजोरात हलवत होतं.