काळकड्यावरून लांडगा गेला

"माझी नजर ही नजर नव्हे, एक्स-रे आहे," भिंगराव स्वतःबद्दल सांगत. "माणूस दारातून आत येतो तेव्हा मला त्याच्या चष्म्याचा नंबर कळलेला असतो. खुर्चीवर बसतो तेव्हा त्याचा धंदा कळतो. आणि उठतो तेव्हा त्याचा गुन्हा!"

भिंगरावांचं चष्म्यांचं दुकान होतं. डोळे तपासायचं खरं काम त्यांची बायको आतल्या अंधाऱ्या खोलीत करत असे, त्यामुळे मालकांना काउंटरमागे बसून गुन्हेगारी जगताचा विचार करायला भरपूर वेळ मिळे. 'चष्मे' या पाटीखाली त्यांनी 'व रहस्ये' अशी आणखी एक पाटी ठोकली होती. त्यांच्यातला हेर मात्र इतका गुप्त होता की आजवर कुणालाच सापडला नव्हता.

हे सगळं ऐकून घ्यायचं काम साडूकडे होतं. साडू म्हणजे भिंगरावांच्या मेहुणीचा नवरा. मागच्या बाकावर बसून काचा घासणं आणि फ्रेममध्ये बसवणं ही त्याची नोकरी, आणि सहायक गुप्तहेर असणं हे त्याचं नशीब. तपास भिंगराव करत, ताप साडूला होई.

त्या सकाळी एक आडदांड माणूस आत आला. हातात पाना, डोळे सुजलेले.

"थांबा, बोलू नका," भिंगरावांनी भिंग उचललं. "हातातलं ते वाद्य सांगतं की तुम्ही संगीतकार आहात. डोळे सांगतात की बायको सोडून गेली आहे."

"मी नळ दुरुस्त करतो साहेब," तो माणूस म्हणाला. "आणि बायको घरीच आहे. लांडगा गेला."

"लांडगा आला रे आला, एवढं ऐकलं होतं," साडू पुटपुटला. "गेला रे गेला हे नवीनच."

नळवाल्याने फोन काढून काउंटरवर ठेवला. त्यावर 'काळकडा' नावाचा गेम उघडा होता. ते नाव पाहताच साडूच्या हातातली काच थांबली. तरुणपणी एका मित्राच्या घरी, टीव्हीसमोर चटईवर बसून, त्याने हाच गेम कन्सोलवर खेळला होता. काय गेम होता तो! तो कडा चढायला अख्खी सुट्टी लागायची. बर्फात पुढे एक लांडगा चालायचा, फाटक्या कानाचा, भस्मा नावाचा. आपण मागे पडलो की तो थांबून वळून बघायचा. शेवटी भस्मा दरीत पडला तेव्हा चटईवरची चार दांडगी पोरं कुणाला दिसू नये म्हणून एकदमच पाणी प्यायला उठली होती.

आणि आता हा फोनवरचा काळकडा! कडा कुठे दिसतच नव्हता. गुलाबी आभाळ, खेळण्यातला वाटावा असा किल्ला आणि त्यात उड्या मारणाऱ्या पेट्या. पेटीवर बोट ठेवायचं आणि ती उघडायची वाट बघायची. वाट बघून कंटाळा आला की जाहिरात बघायची. जाहिरात संपली की पेटीतून दुसरी पेटी निघायची. वाघाची शेळी केलेली साडूने पाहिली होती, पण इथे तर शेळीची भिकारीण करून चौकात बसवली होती.

"तुम्ही हे खेळता?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"गेम भंगार आहे, मलाही कळतं," नळवाला ओशाळला. "पण माझी बहीण दूर राहते, बस चालवते. लहानपणी आम्ही दोघं खरा काळकडा खेळायचो. आई गेल्यापासून फोनवर बोलायला काही सुचेना. जेवलास का, जेवलीस का, संपलं. मग हा गेम आला. यात एक किल्ला दोघांना मिळून सांभाळता येतो. रोज संध्याकाळी दोघं भस्माला खायला घालायचो, मग आपोआप बोलणं निघायचं. परवा बघतो तर भस्मा नाही. आणि किल्ल्यात नवा सोनेरी बुरुज! या गेममध्ये प्राणी विकून बुरुज घेता येतो. मी तिला म्हटलं, तू विकलास. ती म्हणाली, तूच विकलास. आता फोन उचलत नाही."

भिंगराव येरझाऱ्या घालू लागले. दुकानात जागा बेताची, त्यामुळे दर दोन पावलांनी त्यांना वळावं लागत होतं.

"बहीणच गुन्हेगार!" ते गरजले. "हेतू बुरुज, संधी किल्ला."

साडूने फोन हातात घेऊन बुरुजावर बोट ठेवलं. "हा फुकट मिळालाय भाऊ. खाली लिहिलंय, 'रोज येणाऱ्यांना भेट'."

"मग बहीण निर्दोष. हे मी आधीच ओळखलं होतं, फक्त तुमची परीक्षा घेत होतो," भिंगराव म्हणाले आणि नळवाल्याकडे वळले. "तुम्ही झोपेत फोन हाताळता?"

"झोपेत मी घोरतो साहेब."

"अंगठा दाखवा. बघा साडूभाऊ, काय हा अंगठा! हा माणूस एक बटण दाबायला जातो आणि तीन दाबतो. याने स्वतःच लांडगा विकला आणि स्वतःलाच फसवलं!"

नळवाल्याचा चेहरा इतका पडला की साडूला राहवलं नाही. "विकला असता तर मोबदला जमा झाला असता ना भाऊ. इथे तर ठणठण गोपाळ आहे."

भिंगरावांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. किल्ल्याच्या अंगणात, भस्माच्या नेहमीच्या जागेजवळ, एक भलंमोठं पिवळं केळं कंबर हलवत नाचत होतं.

"हे काय?"

"काय माहीत. परवापासून आलंय. हाकललं तरी जात नाही. मी टोचतो, ते उड्या मारतं. बहिणीला वाटतं मीच तिला चिडवायला ठेवलंय."

"सुगावा!" भिंगराव इतक्या जोरात ओरडले की आतल्या खोलीत अक्षरं वाचणाऱ्या आजी शेवटची ओळ सोडून बाहेर डोकावल्या. "चोराने मागे केळं टाकलं. केळं कोण बाळगतो? माकड! शेजारच्या किल्ल्यावर बघा, कुणाचं चित्र आहे?"

शेजारच्या किल्ल्याच्या मालकाने खरंच माकडाचं चित्र लावलं होतं. साडूने कपाळाला हात लावला. असा योगायोग म्हणजे भिंगरावांच्या हाती कोलीतच.

मग माकडाच्या किल्ल्यावर चढाई ठरली. पण चढाईला 'दम' लागतो आणि दम जाहिराती बघून मिळतो. भिंगरावांचा वेळ मौल्यवान, म्हणून जाहिराती साडूने बघितल्या. टक्कल घालवणारं तेल, पोट घालवणारा पट्टा, आणि याच गेमची जाहिरात, ज्यात गेममध्ये नसलेला डोंगर दिसत होता. खरा काळकडा खेळताना साडूला भीती वाटली होती, रडू आलं होतं, विजयाने अंगावर काटा आला होता. हा काळकडा खेळताना त्याला पोटाचा पट्टा घ्यावासा वाटू लागला. ज्यांनी हे केलं त्यांना त्या लांडग्याने एकदा तरी चावायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

चढाई डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपली. माकडाच्या फौजेने सगळे सैनिक लोळवले आणि उलट हल्ला करून नळवाल्याच्या किल्ल्याचा दरवाजा जाळला. भिंगरावांनी आवेशात काउंटरवर हात आपटला, भिंग खाली पडून खळ्ळकन फुटलं. भिंग फुटलं, पण बिंग काही फुटलं नाही.

तेवढ्यात बहिणीचा निरोप आला. 'आता किल्लापण जाळलास? राहू दे. मी हा गेम काढून टाकते. तुझं तू बघ.'

नळवाला मटकन खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची त्याला मोठी झाल्यासारखी दिसत होती. "आता ती बोलणारच नाही," तो म्हणाला. भिंगराव खाली वाकून काचा गोळा करू लागले, आणि हे त्यांनी आयुष्यात प्रथमच केलं असावं.

आतून भिंगरावांची बायको बाहेर आली. साडू तिला ताई म्हणत असे. "काय चाललंय अहो? आजींना माझ्यापेक्षा तुमचा आवाज जास्त ऐकू येतोय."

साडूने थोडक्यात सांगितलं. ताईंनी फोन उचलला. "याचा आवाज का बंद आहे?"

"ते संगीत ऐकलं की दाढ दुखते," नळवाला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बंदच ठेवलाय. बहिणीनेही. बस चालवून आल्यावर तिला गोंगाट नको असतो."

ताईंनी आवाज वाढवला. आधी एक टिणटिण सुरू झाली, ती खरोखर दाढेत गेली. ताईंनी नाक मुरडून केळ्याला बोटाने टोचलं.

"आऊऽऽऽऽ!" केळं म्हणालं.

ताईंनी पुन्हा टोचलं. केळ्याने मान वर करून, म्हणजे देठ वर करून, लांबलचक हेल काढला. ताईंनी त्यावर बोट दाबून धरलं तशी एक चौकट उघडली: 'केळे पोशाख. हंगामाची मोफत भेट. काढायचा?'

"काढ, काढ," ताई स्वतःशीच म्हणाल्या.

सालं गळून पडली. आत भस्मा उभा होता, फाटक्या कानाचा, करड्या डोळ्यांचा. तो वळला आणि त्याने मागे बघितलं.

"सालं, केळ्यात घातला होता!" नळवाला खुर्चीतून उठला. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून तो दोन्ही करू लागला. "आणि मी रोज त्यालाच टोचत होतो!"

कोल्हा काकडीला राजी असतो, हे साडूला माहीत होतं. पण लांडग्याला केळ्यात कोंबणाऱ्या डोक्याचं काय करावं हे कुठल्याच म्हणीत नव्हतं.

नळवाल्याने बहिणीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. ताईंनी फोन त्याच्या हातून घेतला, भस्माला परत केळं नेसवलं, त्याचा ओरडतानाचा व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला. सगळे त्या फोनकडे बघत राहिले. अक्षरवाल्या आजीही चष्म्याशिवाय बघत होत्या.

फोन वाजला. पलीकडून कितीतरी वेळ नुसतं हसू येत होतं.

"मेल्या," बहीण अखेर म्हणाली, "मी त्याला तटावरून खाली ढकलायला बघत होते!"

"मी पण!"

"कसला घाणेरडा गेम आहे रे हा."

"घाणेरडाच आहे. काढून टाकू या?"

"टाकू या." तिचं हसू थांबलं. "मग संध्याकाळी काय करायचं?"

"नुसताच फोन करतो की."

"आणि बोलायचं काय?"

"शिव्या देऊ या. ज्यांनी हे केलं त्यांना. वर्षभर पुरतील."

नळवाला बोलत बोलतच दुकानाबाहेर पडला. पाना काउंटरवर विसरला, तो घ्यायला परत आला तेव्हाही बोलतच होता.

भिंगरावांनी छाती फुगवली. "केळं हाच धागा आहे, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"हो भाऊ," साडू म्हणाला आणि काच घासायला बसला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो परतला तेव्हा भिंगराव काउंटरमागे पाठ फिरवून बसले होते. स्वतःच्या फोनवर वाकलेले, श्वास रोखलेला. साडूने खांद्यावरून डोकावून पाहिलं. गुलाबी आभाळाखाली एक पेटी उड्या मारत होती.

"भाऊ, प्रकरण मिटलं ना?"

"शूऽऽ," भिंगराव कुजबुजले. "माकड अजून मोकाट आहे. ही पेटी उघडू दे, मग बघतो त्याच्याकडे."

पेटी उघडली. आतून दुसरी पेटी निघाली.