बार्शीत उघडणारी खिडकी

प्रणिता कोरके हिला जर्मनीतल्या विद्यार्थी वसतिगृहात जी खोली मिळाली, तिची खिडकी बार्शीत उघडत होती. एरवी खोलीला नाव ठेवायला जागा नव्हती. पलंग, टेबल, पुस्तकांची फळी आणि खिडकीखाली पांढरा हीटर, सगळं जागच्या जागी होतं.

आता बार्शी काही लहान गाव नाही. खिडकी बाजारपेठेत उघडली असती, भगवंताच्या देवळामागे उघडली असती, तरी तिने चालवून घेतलं असतं. पण ती उघडली थेट तिच्या घराच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या भिंतीत आणि शालनकाकूंच्या गॅलरीसमोर. गिरणीवाल्याने एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "भिंत आपली, खिडकी त्यांची. चालायचंच."

शालनकाकू कोण, हे त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. गॅलरीच्या कठड्यावर चादरीची घडी, घडीवर कोपरं, आणि खाली गल्लीत जे घडेल त्यावर नजर, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. प्रणिता अकरावीत स्कूटीवरून पडली, तेव्हा ती लंगडत घरी पोचायच्या आत आईने हळद गरम करून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या गाडीवर तिने मैत्रिणीबरोबर आम्लेट खाल्लं, तर तोंड पुसायच्या आधी बातमी घरात. परदेशी का शिकायचं आहे, याची तिने विद्यापीठाला बरीच भारदस्त कारणं दिली होती. खरं कारण त्या गॅलरीत बसलेलं होतं.

म्हणून तिने पहिल्याच दिवशी तक्रार केली. वसतिगृहाची देखभाल बघणारे हेर, म्हणजे तिकडचे श्रीयुत, ब्रांट आले. त्यांनी खिडकीची बिजागरी तपासली, रबरावरून बोट फिरवलं.

"खिडकी नीट बंद होते?"

"होते."

"मग तक्रार काय आहे?"

"बाहेर बार्शी आहे."

हेर ब्रांटनी बाहेर डोकावून पाहिलं. खाली एक म्हैस चालली होती. "करारात 'गल्लीच्या बाजूची खोली' असं म्हटलं आहे," ते म्हणाले. "ही गल्ली आहे. दुपारी शांतता असते का?"

"वीज गेली की असते."

ते त्यांना पुरेसं वाटलं. नदीकडची खोली पुढेमागे रिकामी होईल, तेव्हा बघू, असं ते म्हणाले. तोवर खिडकी रोज सकाळ-संध्याकाळ उघडून खोलीत हवा खेळवलीच पाहिजे, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि बुरशी आणणाऱ्याला खोली सोडावी लागते. जाताना त्यांनी चौकटीवर एक सूचना चिकटवली: या खिडकीतून खाद्यपदार्थ, रोपे व माती आत घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिताने डोळे मिटून खिडकी उघडली. तिकडे दुपार होती.

"कोण, प्रणिता का?" समोरून आवाज आलाच. "तू तर गेलीस म्हणत होते!"

"गेलीय काकू. जर्मनीतच आहे मी."

"मग खिडकीत काय करायलीस?"

"हवा घेतेय. नियम आहे इथला."

"बार्शीची हवा?" काकूंनी क्षणभर विचार केला. "घे बाई. इथं कोण घेतंय."

त्या दिवसापासून प्रणिताचं उठणं, जेवणं, अभ्यास, न केलेला अभ्यास, सगळं जसंच्या तसं आईला कळू लागलं. "केस का ओले गं तिचे एवढ्या थंडीत?" काकू वरून विचारत आणि आई खालून तोच प्रश्न मोठ्याने विचारी. चौदा तास प्रवास करून आलेली पोरगी पुन्हा होती तिथेच. ती चिडली, रडली, पडदा लावून बघितला. पण पडदा लावला की हवा येत नाही आणि हवा आली नाही की बुरशी.

मग चटणीचा प्रसंग घडला. आईने सूचना ऐकली होती, पण आईच ती. एका सकाळी तिने खालून शेंगाचटणीची पुडी भिरकावली. तिचा नेम पहिल्यापासून यथातथाच. पुडी छज्ज्यावर पडून राहिली, हाताला येईल न येईल अशी. प्रणिता तीन आठवडे पाव खात होती. सूचना तिला पाठ होती, पण हात पुढे गेला, मग खांदा, मग कमरेपर्यंत सगळी प्रणिताच बाहेर गेली.

"अगं पडशील!" काकू किंचाळल्या. "वैशाली, बघ तुझी पोरगी!"

पुडी निसटून गिरणीसमोर पडली. प्रणिता कशीबशी आत आली आणि तिचा तोल सुटला तो आत आल्यावर. "काकू, एवढ्या लांब आले तरी तुमचे डोळे माझ्यावरच का? तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" ती ओरडली आणि तिने खिडकी धाडकन लावली.

आवाज ऐकून हेर ब्रांट वर आले. प्रणिताने घडलं ते सांगितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, बालपण त्या गॅलरीसमोर गेलं होतं. ऐकता ऐकता हेर ब्रांट गंभीर झाले.

"तुमचा व्हिसा एकदाच प्रवेश करण्याचा आहे. निवासाचं कार्ड अजून यायचं आहे."

"हो."

"मग तुम्ही देशाबाहेर गेलात, आणि पुन्हा आत आलात." त्यांनी सुस्कारा सोडला. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. पण आता मी ऐकलं आहे."

परदेशी नागरिकांच्या कार्यालयात फ्राउ, म्हणजे श्रीमती, लेनर्ट नावाच्या अधिकारी होत्या. त्या अजिबात रागावल्या नाहीत आणि त्याचीच प्रणिताला जास्त भीती वाटली. कायद्यानुसार माणसाचे पाय असतात तिथे माणूस असतो, असं त्यांनी समजावलं. एक पाय जरी खोलीत टेकलेला असेल, तर ती देश सोडून गेली नाही. दोन्ही उचलले गेले असतील तर गेली. मग परत जाऊन नव्याने अर्ज करायचा, आणि वर्ष गेलं म्हणून समजायचं.

"पाय कुठे होते?"

"मला आठवत नाही," प्रणिता म्हणाली. तिचे पाय आत्ताही जमिनीवर आहेत की नाहीत, याची तिला खात्री वाटत नव्हती.

"साक्षीदार?"

"आई होती."

"नातेवाईक चालत नाहीत. आणखी कोणी पाहत होतं?"

एरवी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. पण प्रणिता ओरडली त्या दिवसापासून शालनकाकूंची गॅलरी रिकामी होती. चादरीची घडीसुद्धा नव्हती. हवा घ्यायला खिडकी उघडली की समोर नुसता बंद दरवाजा दिसे, आणि प्रणिताला पहिल्यांदाच आपण खरोखर परदेशात आलो असं वाटे. ते वाटणं तिने मनात योजलं होतं तितकं बरं नव्हतं.

ठरल्या दिवशी फ्राउ लेनर्ट खोलीवर आल्या. हेर ब्रांट दाराशी उभे राहिले. भाषांतर प्रणितानेच करायचं, मात्र एक शब्दही गाळणार नाही अशी शपथ तिला घ्यावी लागली. खिडकी उघडली. आईने जाऊन काकूंचं दार वाजवलं. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या, पण बसल्या नाहीत.

"मी काही बघितलं नाही," त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या. "मला काय करायचंय लोकांच्या खिडकीत बघून? माझी कामं थोडी आहेत का?"

प्रणिताने शब्दन् शब्द भाषांतर केलं. फ्राउ लेनर्टनी पेनाला टोपण लावायला घेतलं.

"काकू!" प्रणिता ओरडली. "तुम्ही बघता. लहानपणापासून सगळं बघता माझं. मी चुकले. तुम्ही बघितलं नसेल तर मला कुणीच बघितलं नाही हो!"

"काय म्हणालात?" फ्राउ लेनर्टनी विचारलं.

"की त्या माझं सगळं बघतात."

"हे खरं आहे?"

"हो. मला त्याचाच त्रास होता."

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग आत जाऊन त्या चादर घेऊन आल्या, घडी केली, कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर कोपरं टेकली. ते पाहून फ्राउ लेनर्ट थबकल्या. "माझी मावशी खिडकीत अशीच उशी घेऊन बसते," त्या हेर ब्रांटना म्हणाल्या आणि टोपण पुन्हा काढलं.

"डावा पाय वर होता," काकूंनी सुरुवात केली. "उजवा आत. ती पांढरी जाळी हाय ना खिडकीखाली, तिच्या नळीत अंगठा अडकवलेला. माझी गॅलरी उंच, मला पार आतलं दिसतं. निळा मोजा, आणि मोज्याला हे एवढं भोक. अंगठा बाहेर! वैशाली, पोरगी एवढ्या थंडीत धाडली आणि धड मोजे दिले नाहीस तिला?"

प्रणिताने सगळं भाषांतर केलं, आईला बसलेल्या बोलण्यांसकट. फ्राउ लेनर्टनी मोजा मागितला. तो धुवायच्या कपड्यांत सापडला. त्यांनी भोकातून बोट घालून पाहिलं, मग हीटरच्या नळीशी वाकून पाहिलं. तिथे निळा धागा अडकलेला होता.

"तुम्ही देश सोडलेला नाही," त्या म्हणाल्या.

प्रणिताचा जीव भांड्यात पडला. ती मटकन पलंगावर बसली आणि हसत हसत रडली. खाली आईने गिरणीवाल्याला, गिरणीवाल्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि गल्लीत चटणी वाटली गेली. फ्राउ लेनर्टनी निघताना गॅलरीकडे बघून मान लववली. काकूंनी "चहा घेऊन जा म्हणावं" असं सांगितलं. सूचनेप्रमाणे तो नाकारावा लागला.

आठवड्याभराने हेर ब्रांट सांगायला आले, की नदीकडची खोली रिकामी झाली आहे.

"त्या खोलीसमोर कोण राहतं?" प्रणिताने विचारलं.

"कोणी नाही. नदी आहे."

"मग राहू द्या," ती म्हणाली. हेर ब्रांटनी ते मान्य केलं, आणि हीटरची नळी घट्ट करून ते गेले.

संध्याकाळी तिने खिडकी उघडली. तिकडे दिवे लागले होते.

"मोजे घेतलेस का गं?" समोरून आवाज आला.

प्रणिताने एक पाय जमिनीवर घट्ट रोवला, दुसरा उचलून खिडकीच्या चौकटीच्या आत, उजेडात धरला. मोजा नवा होता, लाल. काकूंनी तो नीट निरखून पाहिला.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "लाव आता खिडकी. हवा झाली."