वाफ्यातले पाच बळी

"बाई, झाडं उपासानं कमी मरतात, लाडानं जास्त," असं नर्सरीवाल्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरून गेले. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, मावशींची शाळा चौथीत सुटलेली. कोणी कोणाला शिकवायचं!

शिवाय मी नुसती पदवीधर नाही, गुप्तहेर आहे. रीतसर नेमणूक कुणी केलेली नाही, पण दहा महिन्यांपूर्वी आई झाले आणि हे काम आपसूक गळ्यात पडलं. बंद दाराआडून बाळाचा श्वास मोजणं, लाळेऱ्यावरच्या डागावरून सकाळचा खाऊ ओळखणं, पलंगाखाली गेलेलं बटण बाळाच्या आधी गाठणं, या माझ्या मामुली सिद्धी. बाळ किती दूध प्यायलं ते मी वहीत मिलिलिटरमध्ये लिहिते. नवरा माझा सहायक. त्याला हे पद नको आहे, पण त्याला विचारलंय कोणी?

तर प्रकरण असं. मागच्या अंगणात भिंतीलगत चौदा फुटांचा मिश्र वाफा करायचा ठरला. नकाशा मी बाळाच्या लसीकरणाच्या तक्त्यामागे काढला. भिंतीशी उंच झाडं, मध्ये कमरेएवढी, पुढे बुटकी. फोटोसाठी शाळेचा वर्ग उभा करतात तसा. कोणता रंग कोणाशेजारी, कोण कधी फुलणार, दोन रोपांत किती अंतर, सगळं पट्टीनं आखलेलं. आणि बरोब्बर मध्यभागी सासूबाईंचा गुलाब.

सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या हातचा तेवढा तो गुलाब कुंडीत उरला होता. त्या गेल्यापासून आमचे सासरे, आप्पा, 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर दिवस काढत होते. गुलाब जमिनीत लावायला ते 'हो' म्हणाले तेव्हा मला वाटलं, हा फुलला की तिसरा शब्द निघेल.

तीन आठवड्यांत पाच रोपं दगावली. आधी लव्हेंडर, मग रोझमेरी, मग ओळीनं तीन शेवंत्या. पानं पिवळी, माना टाकलेल्या. आणि सोमवारी गुलाबाची खालची दोन पानं पिवळी दिसली. हा गेला तर आप्पांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

"हे खून आहेत," मी नवऱ्याला म्हणाले.

"झाडं आहेत गं ती. मरतात कधीकधी."

"पाच? एकाच वाफ्यात? एकाच पद्धतीनं?"

"मग मांजर असेल."

"मांजर पानं पिवळी करतं?"

"शेजारच्यांचं करत असेल. त्यांचं काही सांगता येत नाही."

सहायकाच्या तोंडून कधीकधी असं चुकून काहीतरी कामाचं निघतं. शेजारी राहतात निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांच्या अंगणात सगळी झाडं एका जातीची, एका उंचीची, सावधान स्थितीत. माझा मिश्र वाफा त्यांच्या डोळ्यांत सलणारच. बाळाला कडेवर घेऊन मी कुंपणाशी गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, लव्हेंडरचा वास आवडतो का हो तुम्हाला?"

"मला सर्दी आहे. कालपासून."

कालपासून! लव्हेंडर जाऊन अठरा दिवस झाले होते. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी नाक शाबूत होतं. मी वहीत लिहून घेतलं.

पुरावा मात्र हवा होता. संध्याकाळी वाफ्याभोवती मी पीठ भुरभुरलं. सकाळी ते भिजून त्याची खळ झाली होती. त्यावरून हल्ली दव फार पडतं, असा निष्कर्ष काढला. खळीत चपलांचे तीन जोड उमटले होते. एक माझा, तो वगळला. दुसरा नवऱ्याचा, घरचाच माणूस, वगळला. तिसरा आप्पांचा, ते बिचारे कुठे कोणाच्या अध्यात ना मध्यात, वगळला. उरल्या मुंग्या. त्या हजारोंनी होत्या आणि पीठ नेत होत्या.

पण मुंग्यांना फूस कोणाची? मरतुकडी रोपं विकायची म्हणजे गिऱ्हाईक परत येतं! मी नर्सरीवाल्या मावशींना चौकशीसाठी बोलावून घेतलं.

मावशी आल्या, खाली वाकल्या आणि वाफ्यात बोट खुपसलं. दोन पेरं आत. बाहेर काढलं ते चिखलानं माखलेलं.

"पाणी कोण घालतं?"

"मी," मी म्हणाले. "सकाळी नऊला, बाळ झोपलं की. अर्धी बादली."

नवऱ्यानं घसा खाकरला. "ऑफिसातून आलो की मीही घालतो. म्हटलं, तू बाळात गुंतलेली, विसरत असशील."

"अर्धी?" मावशींनी विचारलं.

"पूर्ण."

मावशींनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "पहाटे मी घालतो."

आप्पा. सलग तीन शब्द.

"ती पाचला उठून घालायची," ते म्हणाले. "मला त्याच वेळेला जाग येते. घरात कुणी उठलेलं नसतं. नुसतं बसून काय करायचं?"

भिंतीपलीकडचा बाळाचा उसासा मला ऐकू येतो. रोज पहाटे पाचला वाजणारी मागच्या दाराची कडी मात्र आली नव्हती. वहीत पानंच्या पानं होती, त्यांत आप्पांची एक ओळ नव्हती.

"आठ दिवस थेंबही नको," मावशींनी निकाल दिला. "पुढे आठवड्यातून दोनदा, तेही एकाच हातानं." त्यांनी बादली आप्पांकडे दिली. "आजोबा, तुम्ही घाला. आणि ही बाई वाफ्याकडे फिरकली तर हाकला."

"मग उरलेले पाच दिवस पहाटे मी काय करू?"

"ते मी काय सांगणार? मी फक्त झाडांचं बघते."

ते काम मग माझ्याकडे आलं. बाळही हल्ली पाचला उठायला लागलंय. आता आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसतो, दोन चहा आणि एक दूध. गुलाबाला तांबूस कोंब फुटलाय. आप्पांचे शब्द मी मोजायचे सोडले, कारण त्यांतले निम्मे माझ्या नकाशातल्या चुकांबद्दल असतात. ड्रिल मास्तरांची माफी मात्र मागितलेली नाही. सर्दीचा समाधानकारक खुलासा अजून व्हायचाय.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमच्याही घरी पहाटे एखादी कडी वाजत असेल. मांजर असेल म्हणून कूस बदलू नका. उठा, आणि कोण आहे ते बघून या.