फौजी आप्पांची मासे साफ करायची फळी

आमच्या शेजारचे फौजी आप्पा गेल्या उन्हाळ्यात एकही लग्न चुकवत नव्हते, ते टोपणांसाठी. पंगत उठली की हे मांडवामागं वाकून कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं वेचायचे आणि शर्टाच्या खिशात भरायचे. परत येताना खिसा खुळखुळ वाजायचा. एका लग्नात नवरीच्या मामानं विचारलं, "आप्पा, आजून एक बाटली आणू का?" तर म्हणाले, "बाटली तू पी रं. टोपान मला ठेव."

गल्लीत सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याचं फिरलं. पण मला कारण माहीत होतं. आमच्या दोघांच्या परसात कमरेएवढीच भिंत आहे.

पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून आप्पा सकाळी गळ घेऊन कृष्णेच्या काठावर बसतात. बहुतेक चिलापी लागते. तिची खवलं टणक असतात. ती काढायचं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे आक्कांचं. मागच्या दारी दगडावर बसून त्या असा मासा साफ करायच्या की बघत राहावं. त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण उजव्या हातात पकड राहिली नाही. तेव्हापासून मागच्या दारी येईनात. मासा आणला म्हटलं की भिंतीकडं तोंड करून पडायच्या. "माझं झालं आता," एवढंच म्हणायच्या.

म्हणून आप्पांनी हत्यार करायला घेतलं. लाकडाच्या दांड्यावर टोपणं ठोकायची, दातेरी कड वर ठेवून. डाव्या हातानं शेपटीकडून डोक्याकडं ओढलं की खवलं निघाली पाहिजेत. सुरी डाव्या हातात द्यायची त्यांना भीती वाटत होती. पहिल्या वेळी गडबडीत टोपणं उलटी ठोकली. दाते गेले लाकडात, वर सगळं गुळगुळीत. माझे मालक म्हणाले, "आप्पा, ह्यानं चोळलं तर मासा झोपंल."

आप्पा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

दुसरं हत्यार तयार झालं तेव्हा श्रावण लागला. घरात मासा आणायचा नाही, आणि आप्पांना तर धीर नाही. मग त्यांनी मक्याचं कणीस घेतलं. एकदा ओढलं तर दाणे भिंतीवरून माझ्या धुण्यात. कोंबड्या धावल्या.

"सुमन, रिपोर्ट दे. पास का फेल?" आप्पांनी विचारलं.

"कोंबड्यांनी पास केलंया," मी म्हणाले. मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण आप्पांशी बोलते. म्हणून धीर करून विचारलं, "आवं आप्पा, तुमीच का साफ करत न्हाई मासा?"

"मला येत न्हाई व्हय? पलटणीत लंगरात टोपल्याच्या टोपल्या साफ केल्यात मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर मी बसलो त्या दगडावर, की ती आतच ऱ्हाईल गं."

गणपती गेले आणि आप्पांनी चिलापी आणली. आक्कांना कसंबसं बाहेर बसवलं. हत्यार चाललं, पण उजव्या हाताखालून मासा सटकला आणि मोरीत गेला. आक्का उठल्या, आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. 

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि परीक्षेला नेतात तसलं चिमट्याचं पॅड मागितलं. दुकानदारानं विचारलं, "नातू कितवीला हाय?"

"नातू न्हाई. मासा हाय," आप्पा म्हणाले.

पॅडचा चिमटा काढून त्यांनी जाड फळीवर ठोकला. माशाची शेपटी त्यात अडकवायची, म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही.

त्या सकाळी मी भिंतीपलीकडं धुणं घेऊन बसले होते. आप्पांनी आक्कांना काय सांगून बाहेर आणलं कुणास ठाऊक. त्यांनी चिमट्यात शेपटी अडकवली आणि परेडला उभं राहावं तसे बाजूला उभे राहिले. आक्कांनी डाव्या हातानं हत्यार ओढलं. खर्रकन आवाज झाला. खवलं उडाली. एक त्यांच्या गालाला चिकटलं. त्यांनी ते पुसलं नाही. मासा हलला नाही. एक बाजू झाली. मग त्यांनी उजव्या कोपरानं दाबून चिमटा उघडला आणि मासा स्वतःच पालथा केला. माझ्या हातातलं लुगडं पिळायचं तसंच राहिलं.

मासा झाल्यावर आक्कांनी हत्यार पुढं धरलं.

"दांडा लय जाड हाय. तासून बारीक करा. चिमटा बी वाकडा मारलाय. आन असं उभं काय ऱ्हायलाय? दुसरा मासा द्या की."

गल्लीत खिळ्यावरूनसुद्धा भांडणारे आप्पा नुसतं "देतो" म्हणाले. आक्कांकडं पाठ करून खाली बसले आणि त्यांनी बादलीत हात घातला. बराच वेळ त्यांना मासा सापडेना.

बादलीत एकच मासा उरला होता.