चपलांच्या कपाटावरचं सीताफळ

आमच्या शेजारच्या तावडेकाकांनी माझ्या चपलांच्या कपाटावर सीताफळ ठेवलं, की ते सडेपर्यंत मला माझाच दरवाजा हळू लावावा लागतो. जरा आपटला की पॅसेजमध्ये स्टुलावर बसलेले काका कळवळतात, "वहिनी, सावली मोडली!"

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यापासून फळांची चित्रं काढतात. फक्त फळांची. माणसं का नाही? "माणसं हलतात." आणि फळांना लागतो तसा उजेड म्हणे अख्ख्या मुलुंडमध्ये फक्त माझ्या दारासमोरच्या जाळीतून येतो.

सोसायटीची सेक्रेटरी मीच. माझ्या यादीत 'पॅसेज मोकळा करणे' हे काम गणपतीपासून पडून आहे. मध्ये चिलटं झाली म्हणून मी त्यांची पपई उचलली, तर दोन दिवस अबोला.

"अहो काका, फळ खायला असतं!"

"खाल्लं की संपलं ना, वहिनी."

गेल्या आठवड्यात आगीच्या सुरक्षेची तपासणी ठरली. मी नोटीस टाइप केली, शिक्का मारला आणि तडक त्यांच्या घरात शिरले.

काकू पलंगावर होत्या. वर्षभर डायालिसिस चालू आहे. चिकू, केळं, आंबा, सगळं बंद. समोरच्या भिंतीवर एक खिळा. काका हातात चार चित्रं घेऊन वेटरसारखे उभे.

"आज काय देऊ?"

"चिकू नको, कालच झाला. पेरू द्या. मागचा कच्चा होता हां."

"हा पिकलाय. बघ तर."

पेरू खिळ्यावर चढला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोड आहे."

काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काही काम होतं, वहिनी?"

मी नोटीस पाठीमागे धरली. "सीताफळ कधी होणार?"

"डोळे राहिलेत. दोन दिवस द्या."

तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी मी कपाटाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या, सीताफळाभोवती गोल आखला, देठाची दिशा बाणाने दाखवली आणि सगळं घरात ओढलं. तपासणीवाले गेल्यावर खुणेवर खूण जुळवून परत लावलं.

काका आले. एक डोळा मिटून बघितलं.

"वहिनी, देठ जरा डावीकडे गेलाय."

मी देठ उजवीकडे केला, घरात गेले आणि दरवाजा हळू लावला.